सावे सरांचा फाटक-बँजो

सावे सरांना जगातले कुठलेही दोन खोकले कधी एकसारखे वाटले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत कोणी खोकलं, की ते तपासत असलेल्या पेपरांतून मान वर न काढता म्हणत, "हा सर्दीचा नाही. मुख्याध्यापकांकडे रजा मागायची आहे, त्याचा आहे." आणि थोड्या वेळाने तो माणूस खरोखरच उठून मुख्याध्यापकांच्या दाराशी घुटमळायला लागायचा. छत्र्यांचे प्रकार, चहाचे प्रकार, मुलं उत्तर येत नसताना खिडकीबाहेर बघतात त्याचे प्रकार, सगळं त्यांच्याकडे तयार असायचं. आपण एखाद्या गोष्टीला सहज काही नाव द्यावं, तर सर बोट वर करून म्हणणार, "हे त्यात मोडत नाही, बाई."

पालघरच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी मराठी. राहायला उमरोळीला, बापजाद्यांच्या चिकूच्या वाडीत. रोज स्कूटरवरून येत. डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर हेल्मेट, कारण टोपी हा पोशाख आणि हेल्मेट हे उपकरण, एकामुळे दुसरं रद्द होत नाही, असा त्यांचा हिशेब. सर गेल्या वर्षी गेले. त्यांचं चरित्र लिहायला घेतलं तर अर्ध्या पानात आटपेल. पण निवृत्तीनंतर या माणसाने एका अख्ख्या ज्ञानकोशाशी जे युद्ध मांडलं, ते मी जवळून पाहिलं आहे, आणि त्या युद्धात माझा लॅपटॉप कामी आला आहे, म्हणून मला लिहिण्याचा थोडा अधिकार आहे.

आधी सर कसे होते ते कळायला हवं. एकदा त्यांनी नववीच्या पेपरात प्रश्न घातला : पालघर आणि बोईसर यांच्या हवेतील फरक सोदाहरण स्पष्ट करा. एका मुलाने एवढंच लिहिलं, "पालघरची हवा दिसत नाही. बोईसरची कधीकधी दिसते." सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि त्याचा पेपर वर्गात वाचून दाखवला. मग त्याच मुलांना हाताशी धरून त्यांनी वासांचा नकाशा केला. वाणगावपासून पालघरपर्यंत कुठे कारखान्यांचा वास, कुठे सुक्या बोंबलाचा, कुठे मोगऱ्याचा, आणि एकसारख्या वासाची ठिकाणं जोडणाऱ्या वाकड्यातिकड्या रेषा. नकाशावर समभार रेषा असतात तशा. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे कुठल्या पाठ्यपुस्तकात आहे?"

"अजून नाही," सर म्हणाले.

त्या ‘अजून’मध्ये सर पुरते आले. एखादी गोष्ट लिहिलेली नसेल तर ती लिहिणाऱ्यांची दिरंगाई, त्यात त्या गोष्टीचा काही दोष नाही, असं ते धरून चालत.

या स्वभावापायी त्यांचं घरातही वाकडं आलं होतं. त्यांच्या वाडीला लागूनच त्यांचे चुलतभाऊ जनार्दन सावे यांची वाडी. सगळं गाव त्यांना जनूभाऊ म्हणतं. तरुणपणी त्यांची बँजो पार्टी पंचक्रोशीत नावाजलेली होती. लग्नाच्या वरातीत टेम्पोवर बसून बटणांचा बँजो वाजवावा तो जनूभाऊंनीच. वाटणीत त्यांच्याकडे जागा कमी आली. काही चिकू, काही माड, कडेला मोगऱ्याचा एक वाफा. एका पूजेला पंगतीत बसलेले असताना कोणीतरी म्हणालं, "दोघा भावांच्या वाड्या कशा शेजारी-शेजारी!" सरांनी पानावरून हात उचलला आणि म्हणाले, "माझी वाडी. जनूची परसबाग. क्षेत्रफळ पाहता ती वाडीत मोडत नाही."

जनूभाऊ भरल्या पानावरून उठले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. समजूत घालायला माणसं गेली, पण सर म्हणाले, माफी मागतो, वर्गीकरण बदलत नाही.

सरांच्या पत्नी, नलिनीवहिनी, या सगळ्याला हसायच्या. मी घरी गेले की चहा देताना विचारायच्या, "आज मी कुठल्या प्रकारात आहे, विचार गो तुझ्या सरांना." सर गंभीरपणे सांगायचे, "दुपारच्या रागात. सकाळच्यापेक्षा हा सौम्य." वहिनी गेल्या तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सर ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. लोक येऊन रडत होते, हरतऱ्हेने रडत होते, आणि सरांनी त्याचे प्रकार पाडले नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल भीती वाटली.

निवृत्त झाल्यावर वर्षभराने त्यांचा फोन आला. "बाई, संध्याकाळी फाटकावर या. वरात आहे. ऐकायला या, नाचायला नव्हे."

उमरोळीत रेल्वेच्या एका बाजूला लग्न लागलं आणि नवऱ्याचं घर दुसऱ्या बाजूला असलं, की वरात फाटकातून जाते. आणि वरात फाटकाशी येते तेव्हा फाटक बंद असतं. यात नवं काही नाही, जन्मापासून आम्ही बघतोय. मी स्कूटर कडेला लावली. समोर टेम्पोवर बँजो पार्टी, खाली नाचणारी माणसं, मागे सजवलेल्या जीपमध्ये घामाघूम नवरा-नवरी. सर गर्दीच्या कडेला आडवी छत्री धरून उभे होते.

"ऐका. आता वाजतंय ते गाणं नाही. गाणं मघाशीच संपलं."

मी ऐकलं. खरंच, बँजोवाला शेवटचीच ओळ पुन्हा-पुन्हा वाजवत होता. ढोल तिच्याभोवती फिरत होता. माणसं पुढे न सरकता जागच्या जागी नाचत होती, कारण पुढे फाटकाचा दांडा होता.

"हा थांबा," सर म्हणाले. "वाजवणं थांबवता येत नाही. थांबवलं तर लोक चहा प्यायला जातात, मग पुन्हा जमत नाहीत. नवं गाणं सुरू करता येत नाही, कारण रंगात आलं आणि फाटक उघडलं तर पळावं लागतं. म्हणून हे. आता गाडी येईल बघा."

मालगाडी आली. एवढी लांबलचक की वरातीतली लहान मुलंसुद्धा तिच्याकडे बघायची कंटाळली. तिच्या खडखडाटात बँजो ऐकू येईना, ढोल ऐकू येईना, फक्त हात हलताना दिसत होते. ढोलवाल्याला बँजो ऐकू येत नव्हता, बँजोवाल्याला ढोल. शेवटचा डबा गेला, आवाज ओसरला आणि दोघं भलतीकडेच निघाले. ढोल एका ठिकाणी, बँजो दुसऱ्याच. आणि मग ते एकमेकांकडे सरकायला लागले. एक जरा रेंगाळला, दुसरा जरा पुढे आला, आणि एका क्षणी असे बेमालूम एकत्र पडले की गर्दीतून आरोळीच उठली. मला कबूल करायला हवं, माझ्या अंगावर काटा आला.

"हा शोध," सर हळूच म्हणाले.

फाटक वर गेलं. बँजोने एकदम वेग घेतला आणि सगळी वरात, नवरा-नवरीसकट, रुळांवरून पलीकडे धावली. ही सुटका. थांबा, गाडी, शोध आणि सुटका, असे चार भाग सरांनी पाडले होते आणि सगळ्याला नाव दिलं होतं फाटक-बँजो.

"बाकी सगळ्या संगीतात शेवट वाजवणाऱ्याच्या हातात असतो," ते म्हणाले. "इथे तो रेल्वेच्या हातात आहे. असा दुसरा प्रकार दाखवा मला. हा साध्या बँजो पार्टीत मोडत नाही, बाई."

मग त्यांनी छत्रीने पलीकडे दाखवलं. तिथे पुलाचे खांब उभे राहत होते. पूल झाला की फाटक कायमचं बंद होणार, वराती वरून न थांबता जाणार, आणि न थांबता वाजलं तर तो नुसता बँजो. "तोपर्यंत हे कुठेतरी लिहिलं गेलं पाहिजे," सर म्हणाले. "नाहीतर उद्या आम्ही सांगायला गेलो तर लोक म्हणतील, म्हातारे काहीही सांगतात."

‘कुठेतरी’ म्हणजे इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश, ज्यात कोणीही लिहू शकतं आणि कोणीही खोडू शकतं. टंकलेखन मी केलं, मजकूर सरांचा. व्याख्या, उगम, भौगोलिक विस्तार, भाग, आकृती. उगमाखाली त्यांनी ‘अज्ञात’ एवढंच लिहायला सांगितलं. मी विचारलं, "एवढं सगळं माहीत आहे आणि उगम तेवढा माहीत नाही?" ते म्हणाले, "लिहा तुम्ही."

दुसऱ्याच दिवशी लेखाच्या डोक्यावर लाल चौकट आली : हा लेख वगळावा काय? चौकट लावणाऱ्याचं टोपणनाव होतं शुष्ककाष्ठ. हा गृहस्थ कोण, कुठला, कोणालाच माहीत नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की हा स्वतंत्र उपप्रकार असल्याचा एकही विश्वसनीय, छापील, स्वतंत्र संदर्भ नाही. फार तर ‘बँजो पार्टी’ या लेखात एका ओळीत सामावून घ्यावा.

"एका ओळीत!" सर ओटीवरून उठून उभे राहिले. "चार भाग आहेत! एका ओळीत गाडीसुद्धा जात नाही! या माणसाच्या गावात फाटक नसणार."

त्यांनी चर्चापानावर उत्तर दिलं. आयुष्यभर पेपर तपासलेला माणूस, त्याला दुसरी पद्धत माहीत नव्हती. "शुष्ककाष्ठ यांचे उत्तर त्रोटक आहे. मुख्य मुद्दा सोडून दिला आहे. आकृती काढलेली नाही. दहापैकी चार." त्यावर शुष्ककाष्ठाने लिहिलं, "कृपया सदस्यांना गुण देऊ नयेत." सर जरा विरघळले. "विनंती नम्र आहे. पाच करा," म्हणाले.

मग सरांना कळलं की चर्चेत इतरांनाही मत देता येतं. रविवारी सकाळी मी गेले तर त्यांच्या ओटीवर ही रांग. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि एकेकाचं खातं उघडून मत टाइप करायला लागले. घिवलीहून मासे घेऊन येणारी भानुमती पाटी उतरवून पुढे आली.

"मास्तर, ठेवा म्हणून लिवा. माज्या नणंदेच्या वरातीत गाडीवर गाडी गेली, पन बँजो थांबला नाय."

"नणंदेचं लिहू नका, फक्त ठेवा," मी म्हटलं.

"का नाय लिवायचा? तीच तर नाचली!"

सरांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारा, बोईसरच्या कारखान्यात काम करणारा पोरगाही आला. "सरजी, लिख दो रखना है. हमारे गाँव में तो फाटक बंद हुआ तो बाजा बंद. ऐसा हमने यहीं देखा." सरांचा चेहरा उजळला. "परप्रांतीय साक्ष! बाई, हे ठळक अक्षरांत."

दुपारपर्यंत अख्ख्या उमरोळीने मत दिलं. संध्याकाळी ज्ञानकोशावर सूचना झळकली. ही सर्व खाती एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून उघडलेली आहेत आणि सगळ्यांची लिहिण्याची धाटणी एकच आहे. सबब हे सर्व सदस्य म्हणजे एकच व्यक्ती असल्याचा दाट संशय आहे. सगळी मतं बाद.

सरांनी ते पुन्हा वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला.

"बाई, तो म्हणतोय मी भानुमती आहे."

"तसंच काहीसं."

"आणि तो मागच्या खोलीतला पोरगाही मीच."

"हो."

"मग तो माझं भाडं कसा देतो?" सर म्हणाले. मला हसू आवरेना, पण सर खरोखर दुखावले होते. माणसामाणसांतला फरक सांगण्यात आयुष्य घालवलं आणि शेवटी गावासकट त्यांचा एकच माणूस करून टाकला होता.

आता एकच वाट उरली होती, छापील आणि स्वतंत्र संदर्भ. बोईसरच्या एका साप्ताहिकाचा संपादक छापायला तयार होता. वाढदिवसाच्या जाहिरातींमधली जागा त्याला कशाने तरी भरायचीच असते. पण लिहिणार कोण? सरांनी लिहून चालणार नाही. मी सरांची सहकारी. गावातला जो लिहू शकतो तो सरांचा विद्यार्थी, आणि जो विद्यार्थी नाही तो नातेवाईक. "स्वतंत्र म्हणजे काय?" सर स्वतःशीच व्याख्या करत होते. "ज्याला माझ्याबद्दल आपुलकी नाही. ज्याला माझं भलं व्हावंसं वाटत नाही. आणि तरी ज्याला विषयाची माहिती आहे." बोलता-बोलता ते थांबले आणि कुंपणाकडे बघायला लागले.

कुंपणापलीकडे जनूभाऊ मोगऱ्याला पाणी घालत होते.

मध्यस्थ मी. वळसा घालून जनूभाऊंकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, शहाळं दिलं आणि विचारलं, "बाई, आता तुमी कुठे बसलाय?"

मी म्हटलं, "तुमच्या वाडीत."

"मोठ्यानं बोला. पलीकडे गेला पायजे."

"वाडीत!" मी ओरडले. कुंपणापलीकडून एक खोकला आला. तो सर्दीचा नव्हता.

मी सगळा प्रकार सांगितला. जनूभाऊ ऐकून घेत होते आणि तापत होते. "संगीत? कसला संगीत! फाटक बंद, जायला वाट नाय. हात थांबवला तर मानसं पांगतात. म्हनून वाजवत रायलो. याला वेगळा प्रकार म्हनतो तो? त्याला आयुष्यात दुसरा काय जमला, प्रकार पाडन्याशिवाय? माज्या वाडीचा प्रकार पाडला, आता माज्या बँजोचा!"

"हेच लिहा," मी म्हटलं.

"लिवतो. चांगला झोडून लिवतो."

आणि लिहिलं. पुढच्या अंकात तीन वाढदिवसांच्या मध्ये जनार्दन सावे यांचा लेख आला, मथळा होता ‘संगीत नव्हे, खोळंबा’. संपादकाने भाषा जरा इस्त्री केली होती. जनूभाऊंनी लिहिलं होतं, की फाटक-बँजो नावाचा कुठलाही प्रकार किंवा उपप्रकार नाही. आपण स्वतः तो पहिल्यांदा वाजवला, म्हणून आपल्याला नक्की माहीत आहे की तो नाही. पहिल्यांदा हे झालं ते रघुनाथच्या वरातीत. रघुनाथ म्हणजे आमचे सर. वाणगावहून नवरी घेऊन येत होते. पार्टी नवी होती, गाणी दोनच येत होती, दोन्ही संपली आणि फाटक उघडेना. पुढे त्यांच्याच शब्दांत : मी शेवटची ओळ दाबत बसलो. मालगाडी आली, ढोल कुठे गेला कळेना. गाडी गेल्यावर आम्ही एकमेकांना शोधत होतो, तेव्हा नवरी जीपमधून उतरली आणि नाचायला लागली. मोठी माणसं बघत राहिली. कोणी तिला आवरलं नाही. नवरा टोपी सांभाळत उभा होता. यात कला कुठे आली?

मी अंक घेऊन सरांकडे गेले तेव्हा त्यांच्या हातात आधीच एक होता, आणि आणखी चार ओटीवर पडले होते. "बाई, केवढ्या शिव्या दिल्यात!" सर आनंदाने म्हणाले. "आणि प्रत्येक शिवी संदर्भासहित!" मग त्यांनी अंकावर बोट ठेवलं. "नवरी उतरली, हे मला वाटायचं आता मलाच आठवतं. तिचे भाऊ गेले. जीप चालवणारा गेला. माझ्या मनाने काही वाढवलं असेल, असंही वाटायचं. जनू त्या वेळी बँजोवरून मान वर करत नसे, त्याने पाहिलं असेल असं मला वाटलंच नाही." मग अंकाची घडी घालत ते म्हणाले, "छापून आलं, बाई. माझ्याशी बोलत नसलेल्या माणसाने लिहिलंय."

उगम अज्ञात का होता, ते मला तेव्हा कळलं. स्वतःच्या लग्नाचं स्वतः लिहायचं नाही, हा ज्ञानकोशाचा नियम सरांनी इमानदारीने पाळला होता. त्यांना बँजो टिकवायचा होताच. पण त्या बँजोत कुठेतरी वहिनी नाचत होत्या, आणि सरांना ती आठवण आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या तरी भरवशावर ठेवून जायची होती. मी उगाच लॅपटॉपची वायर गुंडाळत बसले.

शुष्ककाष्ठाने दोन दिवस घेतले. मग लिहिलं, की संदर्भ स्वतंत्र आहे, छापील आहे, लेखक विषयातला जाणकार आहे आणि लेखकर्त्याविषयी त्याला कसलीही आपुलकी नाही, हे स्पष्ट दिसतं. मात्र हा संदर्भ म्हणतो की असा प्रकार अस्तित्वात नाही. तेव्हा त्याच्या आधारे तो अस्तित्वात आहे असा लेख कसा ठेवणार?

सर एवढ्याने हटणार नव्हते. त्यांनी मला पहिलं वाक्य बदलायला सांगितलं : फाटक-बँजो हा पालघर जिल्ह्यातील एक अस्तित्वात नसलेला संगीतप्रकार असून त्याचे चार भाग आहेत. शुष्ककाष्ठ यावर गंभीरपणे विचार करता झाला. भुतांवर लेख आहेत, बुडालेल्या खंडांवर आहेत, हे त्याने मान्य केलं. पण एखादी गोष्ट नाही, हे ठरायलाही एकाहून अधिक संदर्भ लागतात. जनूभाऊंसारखा नाकारणारा आणखी एक माणूस हवा होता. गावात तो मिळाला नाही, कारण बाकी सगळ्यांनी ऐकलं होतं.

शेवटी निकाल लागला. लेख वगळला आणि मजकूर विलीन केला. बँजो पार्टीतसुद्धा नाही. ‘रेल्वे फाटक’ या लेखात, सिग्नल आणि अपघात यांच्या खाली, एक वाक्य आलं : फाटक बंद असताना काही ठिकाणी वाद्ये वाजवली जातात.

संदर्भ म्हणून खाली जनूभाऊंचं नाव होतं.

मला वाटलं, सर एका वाक्यावरून चिडतील. ते चिडले ते दोन शब्दांवरून. "काही ठिकाणी!" त्यांचा आवाज चिरकला. "आयुष्यभर भूगोल शिकवला मी! काही ठिकाणी म्हणजे कुठे? पोरानं पेपरात असं लिवला असता तर शून्य दिला असता. उमरोळी हाय ते! काही ठिकाणी नाय!" सर शाळेत कधी गावच्या बोलीत बोलत नसत. मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढच्या महिन्यात पूल खुला झाला. फाटकाच्या दोन्ही बाजूंना भिंत घातली. पहिली वरात पुलावरून गेली तेव्हा मी पाहिली. झकास गेली, कुठे अडली नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी सरांकडे गेले. ओटी रिकामी, दार उघडं. आवाज जनूभाऊंच्या बाजूने येत होता. मी वळसा घालून गेले, तर सर जनूभाऊंच्या कुंपणाच्या दाराबाहेर उभे, हातात साप्ताहिक, आणि आत जनूभाऊ कमरेवर हात ठेवून.

"मी एवढा झोडून लिवला," जनूभाऊ ओरडत होते, "नाव-गाव सगळा लिवला, आनि तो म्हनतो काही ठिकानी? कोन हाय तो लाकूडफाट्या?"

"तेच तर मी म्हणतोय," सर म्हणाले. "आत येऊ?"

जनूभाऊंनी डोळे बारीक केले. "कशात?"

सरांनी माडांकडे पाहिलं, चिकूंकडे पाहिलं, मोगऱ्याच्या वाफ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सगळं मुसळ केरात जाणार. क्षेत्रफळ काही वाढलेलं नव्हतं.

"वाडीत," सर म्हणाले.

जनूभाऊंनी दार उघडलं. जनूभाऊ आत गेले आणि बँजो घेऊन आले. "यात काय नाय, हे तुला दाखवतो," म्हणाले. "नुसती एक ओळ हाय. बस." पायरीवर बसले, तारा लावल्या. मग मान वर करून विचारलं, "फाटक कोन?"

सर समोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी उजवा हात आडवा धरला.

जनूभाऊ वाजवायला लागले. तीच शेवटची ओळ, पुन्हा-पुन्हा. वाडीमागच्या रुळांवरून एक मालगाडी आली आणि बँजो तिच्यात बुडाला. त्यांची बोटं हलत राहिली, सरांनी डोळे मिटले. गाडी गेली, आवाज परत वर आला. जनूभाऊंनी सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे उघडले नाहीत. ओळ पुन्हा फिरली. जनूभाऊंच्या कपाळावर घाम आला होता, बोटं वयाने जड झाली होती, तरी ते थांबले नाहीत, कारण फाटक बंद असताना थांबायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं.

मला तिथे बसवेना. मी हळूच उठले. दारातून वळून पाहिलं, तर जनूभाऊ वाजवता-वाजवता मानेनेच ‘उघडू का’ म्हणून विचारत होते, आणि सरांचा हात आडवाच होता.